लिंबू पिळणारी मूठ

माझ्या बाबांना लकवा झाला, त्या आठवड्यात आमच्या घरी इतके जाणकार येऊन गेले की जिल्ह्याच्या दवाखान्यातही तेवढे डॉक्टर नसतील. आत्याच्या मते बाबांना हवा लागली होती. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मते रक्त थंड पडलं होतं. एकानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, दुसऱ्यानं कुठल्याशा देवस्थानी सात फेऱ्या मारून यायला सांगितल्या. ज्याला स्वतःचा पाय धड टाकता येत नव्हता, त्याला फेऱ्या मारायला सांगणारा हा माणूस आमच्या ताटात जेवून, सुपारी खाऊन गेला.

यातल्या प्रत्येकानं एक गोष्ट न चुकता केली. खाटेवर बसलेल्या बाबांचा उजवा हात उचलायचा, थोडा वर न्यायचा आणि सोडून द्यायचा. हात धपकन मांडीवर पडला की मान हलवायची. बाजारात भोपळा ठोकून पाहतात तसं.  बाबांचं तोंड जरा वाकडं झालं होतं, शब्द जड येत होते. पण डोळे शाबूत होते, आणि आपला हात कोण कसा टाकतो हे ते पाहत होते.

आम्ही ढिवर. एकोडीच्या अलीकडे आमचं गाव आहे, आणि गावाला एक जुना मोठा तलाव. बाबांनी जन्मभर त्या तलावात फेकजाळं टाकलं. मी घरातली पहिली शिकलेली. बाबा मासोळीच्या टोपलीसकट मला सायकलवर बसवून साकोलीच्या कॉलेजच्या गाडीपर्यंत सोडायचे. माझ्या दप्तराला मासोळीचा वास यायचा आणि वर्गातल्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. त्या मुलींपैकी किती जणींनी पदवी घेतली, मला माहीत नाही. मी घेतली. विज्ञानात घेतली. आज तालुक्याच्या शाळेत मी मुलांना विद्युतधारा शिकवते, ती त्या सायकलच्या जोरावर. हे सांगायचं कारण इतकंच, की पुढे जे घडलं त्यात घरच्यांनी मला पदोपदी ऐकवलं, “बीएस्सी झालीस नं व तू? मंग बापाचा हात काहून नाई चालत?” जणू विद्यापीठानं पदवीबरोबर मला एक चालता हात दिला होता आणि मी तो लपवून ठेवला होता.

मुळात पहिला अर्धा दिवस वाया घालवला तो माझ्या चुलतकाकानं. बाबा सकाळी तलावाच्या पाळीवर, बांधावरच, पडले, तेव्हा यानं त्यांना आधी झाडफुंक करणाऱ्याकडे नेलं. मी शाळेतून पोहोचेपर्यंत बाबांच्या कपाळावर राख होती आणि डाव्या हातात काळा दोरा. काकाला विचारलं तर म्हणाला, “देवाचं आधी, दवाखान्याचं मंग.” देवाला काही घाई नव्हती. घाई बाबांच्या डोक्यातल्या नसेला होती. ते कोणी सांगायचं?

हा काका म्हणजे बाबांच्या चुलत्याचा मुलगा. आमच्या मासेमारी सोसायटीत मिरवणारा, पांढरी पँट घालून पाळीवर येणारा. त्याला पाण्यात कमरेपर्यंत उतरलेलं मी क्वचित पाहिलं. त्याच्या मनात एक गोष्ट फार वर्षांपासून होती, आणि ती सगळ्या गावाला माहीत होती.

आमच्याकडे पावसाळ्यात तलावात जाळं पडत नाही. मासोळी अंडी घालते, तिला तेवढे दिवस सोडायचं. दिवाळी झाली, बांध्यांत धान पिवळं पडलं की एक दिवस ठरतो. गाव पाळीवर जमतं, नारळ फुटतो, आणि एकच माणूस पहिलं जाळं फेकतो. ते जाळं पाण्यावर पडलं की मग बाकीच्यांनी उतरायचं, त्याआधी कोणी नाही. आमच्या गावात ते पहिलं जाळं आजोबा फेकायचे, त्यांच्यानंतर बाबा. बाबांचं जाळं हवेत असं उघडायचं की सूप फिरवल्यासारखं गोल व्हायचं, आणि त्याच्या काठाचे शिशाचे मणी एकदमच पाण्याला लागायचे. एकच आवाज. वेगवेगळे आवाज आले तर बाबा स्वतःवरच चिडायचे.

लकवा झाल्यावर महिन्याभरातच काका आमच्या अंगणात बसून, आईनं दिलेला चहा पीत, उसासा टाकून म्हणाला, “यंदा पहिलं जाळं माह्यावर आलं म्हणाचं. का करतेस वयनी, दादाचा हात गेला. गावाचं काम त थांबत नाई.”

बाबा तिथेच खाटेवर होते. त्यांच्या देखत, त्यांच्या हाताचं तेरावं उरकून काका चहा प्यायला.

त्या दिवसापासून बाबांना एकच हवं होतं. पाय सुधारत होता, तोंड सरळ होत आलं होतं, त्याचं त्यांना काही नव्हतं. पहिलं जाळं आपल्या हातून पडावं, एवढंच. ते भिंतीवर टांगलेल्या जाळ्याकडे बघत बसायचे आणि डाव्या हातानं उजवा हात चोळायचे.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं होतं. तिथल्या मॅडमनी हात पाहून सांगितलं, व्यायामाबरोबर करंट द्यावा लागेल, पट्ट्या लावून, हलका. करंट हा शब्द ऐकताच बाबा उठून उभे राहिले. लकव्याचा माणूस इतक्या झपाट्यानं उठलेला त्या खोलीनं पाहिला नसेल.

त्याला कारण होतं. आमच्या तलावाच्या पलीकडच्या काठावर काही जण विजेच्या खांबावरून तार टाकून मासोळ्या मारायचे. एक झटका, आणि लहान-मोठी, पोटुशी, सगळी मासोळी पांढरं पोट वर करून तरंगायची. बाबांनी जन्मभर त्या लोकांना शिव्या घातल्या. त्यांच्या तारा तोडल्या, एकदा मारही खाल्ला. करंटनं मारलेली मासोळी आमच्या घरात शिजली नाही. आणि आता त्यांचीच मुलगी त्यांना सांगत होती, बाबा, करंट घ्या.

“मले का मासोळी समजली का तू?” बाहेर आल्यावर ते म्हणाले. “चोरायचा धंदा माह्या अंगावर करतेस?”

मी समजावलं. वर्गात जसं समजावते तसं, दाब आणि धारा, कमी आणि जास्त. माझ्या वर्गातल्या मुलांना जितकं समजतं तितकंच बाबांना समजलं. आम्ही परत आलो.

यानंतर माझ्या काकानं आपली हुशारी दाखवली. तालुक्याच्या बाजारात एक वैद्यराज बसत होता. पांढरा कोट, खाली लुंगी, मागे कापडाच्या फलकावर एका माणसाची चित्रं: आधी वाकलेला, नंतर घोड्यावर. त्याच्याकडे एक मशीन होतं. काका बाबांना मोटरसायकलवर बसवून तिकडे घेऊन गेला. मी शाळेत होते. बाबांनी विचारलं म्हणे, “हे करंट नोहे नं?” आणि वैद्यराज छातीवर हात ठेवून म्हणाला, “राम राम! करंट? हे त नसजागरण आहे भाऊ.”

बॅटरी तीच, तारा त्याच, झटका तोच. नाव बदललं आणि बाबा बसले. यात मी बाबांना हसत नाही. नावं बदलून माणसांना बसवणारे यापेक्षा मोठमोठे लोक मी पाहिले आहेत.

वैद्यराजानं पट्ट्या लावल्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली. बटण फिरवलं. आणि इतके दिवस मेल्यासारखी पडलेली बाबांची बोटं आपोआप वळली आणि घट्ट मूठ झाली. बाजारातले लोक ओरडले. वैद्यराज हुशार होता, त्यानं पुढच्या वेळी मुठीत लिंबू ठेवलं. बटण फिरलं, मूठ आवळली, लिंबाचा रस मनगटावरून ओघळला. टाळ्या पडल्या. काकाच्या डोळ्यांत पाणी आलं असं तो स्वतःच सांगत होता. लिंबाचा रस उडाला असेल.

शनिवारी मी तालुक्याहून घरी पोहोचले तेव्हा वैद्यराजाचं मशीन आमच्या अंगणात होतं. काकानं ते आणलं होतं आणि संध्याकाळी तोच खेळ लावत होता. गाव जमायचं. बायका घरून लिंबं घेऊन यायच्या. एकानं टमाटर आणलं, एका महाभागानं अंडं आणलं. बाबांच्या मुठीत काहीही ठेवायचं, बटण फिरवायचं, आणि ते फुटलं की “वा रे वा!” म्हणायचं. कोणी म्हणालं, “मूठ पाह्य नं कशी लोखंडावानी!” काका सगळ्यांना सांगत होता, “हात आला गा दादाचा. मीच आणला.”

मी विचारलं, “हात आला तर बोटं उघडून दाखवा.”

“तू गप व,” आत्या म्हणाली. “चार बुकं शिकली त सबन समजते का? इतकं लिंबू पिळून राहिला माहा भाऊ, आन तुले उघडाची पडली!”

त्या अंगणात बसलेली सगळी माणसं ढिवर होती. फेकजाळं टाकून वाढलेली. जाळं कशानं पडतं हे त्यांच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. घट्ट धरून ठेवलेलं जाळं कधी पाण्यावर पडत नाही. ते ऐन वेळी बोटांतून सुटावं लागतं, सगळी बोटं एकदम. ज्या गावाचं पोट हात सोडण्यावर चालतं, ते गाव मूठ घट्ट झाली म्हणून टाळ्या पिटत होतं. माणसाला तमाशा दिसला की तो आपला धंदासुद्धा विसरतो, हे मी त्या अंगणात शिकले.

आणि मूठ खरोखरच घट्ट होत गेली. मशीन बंद असतानाही. रात्रंदिवस बाबांची बोटं आत वळलेली, नखं तळव्यात रुतलेली. टाळ्या वाजवणारे घरी गेले की मागचं काम आईचं. ती रोज सकाळी कोमट पाण्याचा गडवा घेऊन बसायची आणि एकेक बोट उचकटून आतला तळवा पुसायची, जमेल तशी नखं कापायची. घामानं तिथे वास यायला लागला होता, कातडी पांढरी पडली होती. बाबा दात आवळून बसायचे. एका सकाळी आईनं गडवा खाली ठेवला आणि मला म्हणाली, “बाई, हे मूठ मले उघडत नाई आता. तू ह्याले दवाखान्यात ने. तुया काकाले मी पायतो.”

आई काकाला नेमकं काय म्हणाली ते मला कळलं नाही. पण मशीन त्याच दिवशी अंगणातून गेलं, आणि आत्या काही दिवस आमच्या विहिरीवर आली नाही.

दवाखान्यातल्या मॅडम माझ्याच वयाच्या, नागपूरकडच्या. त्यांनी बाबांचा हात घेतला, पण उचलून टाकला नाही. खाली आपला हात ठेवूनच तो परत मांडीवर आणला. मग त्यांनी जे विचारलं ते इतक्या महिन्यांत कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

“बाबा, या हातानं तुम्हाला काय करायचं आहे?”

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, “जाळं फेकाचं हाय.”

“दाखवा बरं कसं फेकता.”

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. डाव्या हातानं त्याच्या घड्या केल्या, एक टोक दातात धरलं, कमरेतून वळले आणि दुपट्टा त्या खोलीत फेकला. तो एका मशीनवर जाऊन पडला. मॅडम हसल्या. म्हणाल्या, “मग घट्ट कशाला करत होतात? मूठ तर लकव्यानं आधीच घट्ट केली आहे. आपल्याला सोडायला शिकवायचं आहे.”

बाबांनी परत करंटचं काढलं. पांढरं पोट वर करून तरंगणाऱ्या मासोळीचं सांगितलं. मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी पट्ट्या आधी स्वतःच्या हातावर लावल्या, बाहेरच्या बाजूला, आणि बटण दाबलं. त्यांची बोटं हळूच वर उठली, खाली गेली, परत उठली. बाबांनी त्या हाताकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

“तू त मेली नाईस पोरी,” ते म्हणाले.

“रोज लावते बाबा. अजून तरंगले नाही.”

मग त्याच पट्ट्या बाबांच्या हाताच्या बाहेरच्या बाजूला लागल्या. करंट हळूहळू वाढला. आधी मनगट थरथरलं. मग ती रुतलेली बोटं, करंगळी आधी, एकेक करून उठायला लागली. पूर्ण नाही. पण तळवा दिसला. त्यावर नखांच्या खुणा होत्या. बाबा वाकून आपला तळवा बघत राहिले, घरातली हरवलेली वस्तू सापडावी तसे. त्या खोलीत कोणी टाळी वाजवली नाही.

मॅडमनी एक गोष्ट पक्की बजावली. नुसता करंट घेऊन बसायचं नाही. करंट आला की आपणही मनातून बोटं उघडायची, त्याच्या जोडीनं. मशीन धक्का देईल, पण उघडायचं माणसानंच. ती वेळ कशी साधायची ते बाबांना जमेना. ते उशीर करायचे. मॅडमनी विचारलं, “जाळं सोडताना तुम्ही काय करता?” बाबांनी छातीतून एक आवाज काढला, “हुप्प.” जाळं सुटताना तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आले. “बस, हेच म्हणायचं,” मॅडम म्हणाल्या. “बटण दाबलं की हुप्प.”

त्यांनी लिहून दिलेलं छोटं मशीन मी नागपूरहून मागवलं. उन्हाळाभर, मग पावसाळाभर, आमच्या घरातून हुप्प, हुप्प ऐकू यायचं. कधी आई बटण दाबायची, सुटीच्या दिवशी मी. या खेळाला बघे नव्हते. लिंबू फुटत नव्हतं, रस ओघळत नव्हता. एक म्हातारा बोटं उघडायचा आणि मिटायचा, त्यात बघायचं काय? काही दिवस बोटं चांगली उठायची. काही दिवस काहीच नाही, आणि बाबा मशीनला चोरांच्या नावानं शिव्या घालायचे. अंगठा शेवटपर्यंत हट्टी राहिला.

काका एकदा येऊन गेला. दारातूनच म्हणाला, “का गा दादा, हात उघडून का होते? भीक मांगाची हाय का?”

“हुप्प,” बाबा म्हणाले, आणि बोटं उघडली.

माझ्या शाळेतल्या शिक्षकखोलीतही जाणकार कमी नव्हते. एक सर मला रोज सकाळी मोबाइलवर उगवत्या सूर्याचं चित्र पाठवायचे आणि खाली लिहायचे, सकारात्मक राहा. ज्यांनी एकदाही कोणाच्या रुतलेल्या नखाखालचा तळवा पुसला नाही, ते सकारात्मकतेचे फार मोठे पुरवठादार असतात. हळूहळू बाबांची बोटं मशीन बंद असतानाही थोडी उघडायला लागली, तेव्हा मी ते कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अंगणात पुन्हा लिंबं आली असती.

दिवाळी झाली. तलावाचा दिवस आला. पाळीवर गाव उभं होतं. काका त्या दिवशी चक्क लुंगीत होता आणि खांद्यावर नवं नायलॉनचं जाळं होतं. नारळ बाबांच्या हातून फोडायचा आणि जाळं आपण फेकायचं, असं त्यानं गावाला परस्पर सांगून ठेवलं होतं. “दादाचा मान राहिला पायजे,” असं तो म्हणत होता. नारळ डाव्या हातानंही फुटतो, एवढा तो मान.

बाबांनी नारळ फोडला. मग आईकडे वळले. आईनं पिशवीतून त्यांचं जुनं हलकं जाळं काढलं, ज्यातले थोडे मणी तिनं आदल्या दिवशी कमी केले होते. पाळीवर कुजबुज झाली. “आता हे का करून राहिला?” कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं. काका पुढे आला, “दादा, काहून हसं करून घेतेस? लोकं पाऊन राहिले.”

“पाहू दे,” बाबा म्हणाले. “लिंबाच्या टायमाले बी पाहून राहिले होते.”

दोरी डाव्या मनगटात अडकवली. आईनं घड्या उजव्या हातात दिल्या, तर बोटांनी त्या लगेच धरल्या. धरायचा प्रश्न नव्हताच कधी. जाळ्याचा काठ दातात धरून बाबा गुडघाभर पाण्यात उतरले.  बाबा कमरेतून वळले. पहिल्या झोक्याला त्यांनी सोडलं नाही. परत वळले.

“हुप्प.”

बोटं उघडली. सगळी एकदम नाही. अंगठा मागे राहिला, आणि त्याच्याबरोबर जाळ्याची एक घडीही. जाळं हवेत अर्धंच उघडलं आणि काठापासून दोन हातांवर वाकडंतिकडं पडलं. मणी एकदम नाही, थेंबाथेंबानं वाजले. पाळीवर हशा पिकला. काका मोठ्यानं म्हणाला, “हे का फेकणं झालं? सांडलं जाळं!”

बाबांनी डाव्या हातानं जाळं ओढलं. त्यात शेवाळ होतं, थोडे झिंगे आणि एक बोटभर मासोळी. ती त्यांनी परत पाण्यात टाकली. मग काकाकडे बघून म्हणाले, “पहिलं जाळं पडलं. उतर आता.”

 पहिलं जाळं गोल पडलं पाहिजे, असं आमच्या गावात कोणी कधी म्हटलेलं नाही. पडलं पाहिजे, एवढंच. काका उतरला. त्याचं जाळं मात्र झकास गोल पडलं, हे खोटं सांगून उपयोग नाही. त्यात मोठी रोहू आली आणि पाळीवरच्या त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते कशालाही टाळ्या वाजवतात. बाजारातला वैद्यराज आता आपल्या फलकावर फेकजाळं टाकणाऱ्या ढिवराचं चित्र लावून बसतो, असं ऐकलं आहे. लावू दे.

बाबा काठाशी बसले. हाताला शेवाळ लागलं होतं. आई सवयीनं पदर सावरत पुढे झाली, तळवा पुसायला. बाबांनी तिला मानेनंच थांबवलं. उजवा हात तलावाच्या पाण्यात धरला, जोर लावून बोटं उघडली, आणि डाव्या हातानं तळवा स्वतःच धुतला, बोटांच्या बेचक्यांसकट.

आईनं हातातला पदर खाली सोडला. मग म्हणाली, “नखं बी कापून घेजा मंग आता.”